थरथर

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून लाइनमनची वाचा गेली होती, डोळे उघडत नव्हते आणि समोरच्याचं बोलणंही त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. उजव्या हाताचं एक बोट तेवढं पलंगाच्या लोखंडी दांडीवर सारखं थरथरायचं. बायकोला ते बघवेना, म्हणून आठ दिवस ती तो हात मुठीत घट्ट धरून बसली.

नवव्या दिवशी त्याचा हॅम रेडिओवरचा मित्र भेटायला आला. चाळीस वर्षं दोघांनी आपापल्या घरच्या बिनतारी संचावरून मोर्सच्या सांकेतिक कट्-कडकट्मध्ये गप्पा मारल्या होत्या. नवऱ्याच्या रेडिओच्या खोलीला बायको सवतीची खोली म्हणायची. आत तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं.

“वहिनी, हात जरा सोडा.” त्याने दांडीला कान लावला. “ही थरथर नाही. ‘कोणी ऐकतंय का?’ असं विचारतोय. थांबतोय आणि पुन्हा तेच विचारतोय.”

तिचा चेहरा उतरला. “भावोजी, ‘मी ऐकतेय’ कसं वाजवायचं?”

त्याने शिकवलं. तिने चुकतमाकत नवऱ्याच्या तळव्यावर वाजवलं. बोट थबकलं, मग भराभर चालू लागलं.

“काय म्हणतात?”

मित्राने नजर खाली वळवली. “विचारतोय, आपण कोण? आपलं याआधी कधी बोलणं झालेलं नाही.”