इटालियनचा पहिला धडा

घरात दोघीच. त्यातली सून पुढच्या महिन्यात नवऱ्याकडे इटलीला जाणार होती, म्हणून इस्त्री करता करता पुस्तकातला पहिला धडा मोठ्याने घोकत होती.

"सोनो मेदिको. मी डॉक्टर आहे."

लेकासाठी पाठवायच्या शर्टाला बटण लावणाऱ्या सासूबाईंचा हात थांबला. "तू? कधीपासून?"

"सोनो आल्ता. मी उंच आहे."

वरच्या फळीवरचा डबा काढायला हिला स्टूल लागतं. सासूबाईंना काहीच उमजेना. "अगं, इतकं रेटून खोटं काय बोलतेस?"

"आई, ही पुस्तकातली वाक्यं आहेत. ती खरी असायला लागत नाहीत, नुसती म्हणायची."

"आणि जीभ अडखळत नाही?"

"एकदा पाठ झालं की नाही अडखळत."

सासूबाईंनी सुई शर्टातच टोचून ठेवली.

"मलाही एक शिकव. 'मी आनंदात आहे' कसं म्हणायचं?"

"सोनो फेलीचे. पण तुम्हाला कशाला हवंय?"

"तिकडे गेल्यावर रोज फोन करून विचारशील ना, आई कशा आहात म्हणून? मराठीत सांगताना माझी जीभ अडखळेल."