रविवारचं गिऱ्हाईक

लिमातल्या विल्सन रस्त्यावरच्या गाळ्यात यारित्सा भावासाठी गेमिंग कॉम्प्युटरचे भाग घेत होती. पैसे बेताचेच होते. रंगीत दिव्यांची केस तिनं परत सरकवली.

"साधी द्या. वाचलेल्या पैशात ग्राफिक्स कार्ड वरचं बसवा. आणि यापा, म्हणजे खरेदीवरची भेट म्हणून, माउस फुकट."

"दुकानच घेऊन जा ना, पोरी," म्हातारा दुकानदार हसला. "असाच एक माणूस मुलीला घेऊन दर रविवारी यायचा. तासभर घासाघीस करून सगळं जुळवायचा आणि एक वायरही न घेता जायचा. मागून आम्ही खूप हसायचो त्याला."

"ती मुलगी मीच," यारित्सा ताठ मानेनं म्हणाली. "बाबा मार्चमध्ये गेले. निवडायचं काम त्यांनीच करून ठेवलंय, मी फक्त पैसे घेऊन आलेय."