द्रोणातला शिरा

मिरजेच्या त्या गल्लीत घंटागाडीवाल्यानं रूथनं दिलेल्या कचऱ्याच्या पिशवीची गाठ सोडायला घेतली, तशी ती पिशवी परत घ्यायला पुढं झाली.

"ओला-सुका येगळा करा की, बाई!" म्हणत त्यानं पिशवी उपडी केली. कागदात गुंडाळलेला द्रोण सुटला आणि काल सत्यनारायणाची पूजा झाल्यावर शेजारच्या शालूबाईंनी आणून दिलेला शिरा सगळ्यांदेखत सांडला. शालूबाई बादली घेऊन मागंच उभ्या होत्या.

रूथ द्रोण उचलायला वाकली. गल्लीत ख्रिस्ती घर तेवढं एकच. आता सगळी दारात गोळा होणार, या धास्तीनं ती घाईघाईनं बोलली. "मावशी, रागावू नका. देवापुढचं आमाला चालत नाही. तोंडावर सांगायला भ्या वाटलं."

शालूबाईंनी बादली खाली ठेवली.

"तुझ्या सासूला न्हवतं भ्या वाटलं. पयल्याच वर्साला हात धरून म्हणाली, निवदाचं चालत न्हाई, पर तुमच्या हातचं चालतं. ख्रिस्ती माणूस तोंडावर खरं बोलतो, असं मी गल्लीभर सांगत आले. आन् तवापासनं तुमच्या घरचा शिरा निवद दावायच्या आधीच काढून ठेवते गं, पोरी."