मालकांचं भात

विद्यापीठाच्या माणसाला बसायला घोंगडी द्यावी, तर तो आधी घोंगडीची लांबी मोजतो. गोजराबाईला हे मुळीच खपायचं नाही. पण लिमये मास्तरानं आज काही मोजलं नाही. आज त्याला घाई होती. तो घोंगडीच्या कडेला टेकला आणि मांडीवर कागदांचा गठ्ठा ठेवला. पाट्याएवढा जाड.

"आजी, कोळवणचं सगळं खोरं यात आलंय," तो म्हणाला. "एकदा ऐकून घ्या. चारच्या एस.टी.नं मी निघणार, उद्या छापखान्यात देणार. मग अक्षर हलायचं नाही."

चार वर्षं विद्यापीठाची माणसं येत होती. मातीवाल्यानं माती नेली. गवतवाल्यानं गवत वहीत दाबून नेलं. भाषेवाल्यानं गोजराबाईच्या शिव्या उतरवून घेतल्या. एकानं तर गावातल्या सत्तर डोक्यांना मोजपट्टी लावली. सगळे उतरायचे गोजराबाईच्या ओसरीवर, आणि बोलायची ती एकटी. शेजारची रत्नाबाई एकदा मध्येच म्हणाली, "अवो मास्तर, तसं न्हाई ते." "तुला इचारलंय का गं?" गोजराबाईनं तिला तिथंच गप्प केलं. पुन्हा कुणी तोंड घातलं नाही.

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला तिचा म्हातारा घायपाताचा दोर वळत बसलेला असायचा. त्याला ऐकू कमी यायचं. त्याच्याशी कुठलाच मास्तर बोलला नाही.

लिमये भराभरा वाचत होता. माती झाली, गवत झालं, डोकी झाली. गोजराबाई सुपात तांदूळ पाखडत ऐकत होती. मान ताठ. हे सगळं आपण सांगितलंय.

"आता भात. 'या गावी मालकसाळ नावाचे भात होते. ते अन्यत्र आढळत नाही.' आजी, शेतकी विभाग तर जाम खूश आहे. पुराच्या पाण्यात उभं राहणारं भात! पुढच्या लावणीला याच नावानं तालुकाभर बी वाटणार."

"कसली साळ म्हनालात?"

"मालकसाळ. तुम्हीच सांगितलंत ना, मालकांचं भात म्हणून? इतिहासवाल्यांनी शोध लावलाय. पूर्वी इथं कुणी इनामदार असणार. त्यानं बी आणलं आणि कुळांकडून लावून घेतलं. अर्थशास्त्राचं म्हणणं, कुळं नाचणी खायची आणि हे भात मालकाच्या घरी जायचं. भाषेवाल्यांनी 'मालक' या एका शब्दावर सात पानं लिहिलीत."

सूप थांबलं.

कुठला इनामदार? बावीस वर्षांमागं पुरात खालचं खाचर आडवं झालं, तेव्हा भाताचा एकच झुबका उभा राहिला होता. गुडघाभर चिखलातून त्याच्या लोंब्या घरी आणल्या त्या म्हाताऱ्यानं. दर साली लोंबी-लोंबी निवडून त्यानं बियाण्याची जुडी वाशाला टांगली. घरात दाणा नव्हता त्या वर्षीही तिला हात लावू दिला नाही. तेव्हा गोजराबाई त्याला काय काय बोलली होती! आता अख्खं गाव त्या भाताला म्हाताऱ्याचंच नाव लावून बोलवायचं. एक गोजराबाई सोडून.

"खोडा ते," ती म्हणाली. "इनामदाराचं न्हाई. ह्यांचं हाय."

"ह्यांचं म्हणजे कुणाचं?"

"अवो, ह्यांचं!" तिनं हनुवटीनं ओसरीचं टोक दाखवलं.

लिमयेनं तिकडं बघितलं. म्हाताऱ्याच्या मागं गोठा होता. "बैलांचं? म्हणजे वैरणीसाठी लावायचे?"

"बैल तू!" हे तिनं मनात म्हटलं. तोंडानं म्हणाली, "रत्ने! ए रत्ने!" रत्नाबाईचं दार बंद होतं. "अवो!" तिनं म्हाताऱ्याला हाक मारली. म्हातारा दोर वळत राहिला.

"आजी, दुसरं नाव असेल तर सांगा. आत्ता सांगा." लिमये उभा राहिला. खाली रस्त्यावर एस.टी.चा हॉर्न वाजला.

नाव तिच्या ओठांपर्यंत आलं आणि मागं फिरलं. चाळीस वर्षांत ते तिनं एकदाच घेतलं होतं, हळदीच्या अंगानं, उखाण्यात. उखाण्यात चालतं. तिनं पदर डोक्यावर ओढला.

"वटीत साळ, साळीला वास, वास गेला शिवंपार,
भिकूरावांनी निवडली लोंबी, तवा भरलं कोठार!"

"वा!" लिमये पुन्हा खाली बसला. पेन काढलं. "वास, वास! काय गोड आलंय! लोकगीतांत घालतो. तिथं अर्धं पान रिकामंच आहे." त्यानं ओळी नीट उतरवल्या, तो कागद गीतांच्या गठ्ठ्यात सरकवला आणि चपला पायांत घातल्या. भाताचं पान होतं तसंच राहिलं.

एस.टी. दुसऱ्यांदा वाजली.

गोजराबाई उठली. सूप कलंडलं, तांदूळ अंगणभर झाले. तिनं त्याच्या काखेतला गठ्ठा धरला.

"भिकू!" ती ओरडली. "भिकूसाळ! लिव्हा!"

दोर वळणारे हात थांबले. हे म्हाताऱ्याला ऐकू गेलं. घरात कुणी गेलं की काय, अशा तोंडानं तो बायकोकडं बघत राहिला. गोजराबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही. तिचे कान तापले होते.

लिमयेनं उभ्यानंच खोडलं, वर लिहिलं. मग गोंधळून विचारलं, "पण आजी, मग मालक कोण?"

"माझा नवरा, दुसरं कोन! एवढी थोरली इद्या तुमची, न् तुमच्यातल्या एकाच्या बी घरात बायको न्हाई व्हय रं?"