साच्याला लागलेले तीन महिने

डब्यांच्या झाकणांचा जुना साचा भंगारात जायच्या दिवशी कारखान्याच्या मालकिणीने मावशींना बोलावून घेतलं. मावशींनी तिथल्या प्रेसवर उभी हयात काढली होती, आणि साचा त्यांच्या दिवंगत नवऱ्याने हाताने घडवला होता. मावशींनी पोलादाच्या गार कडेवरून बोट फिरवलं. “तेव्हा कारखाना बाबांकडे होता ना, ते अजून कुरकुरतात,” मालकीण म्हणाली. “एका साच्याला तीन महिने! तेवढ्या खर्चात दुसरं मशीन आलं असतं म्हणे. काका इतके संथ होते?” “संथ कसले! महिन्याभरात साचा तयार होता. मी शेजारच्या प्रेसवर, म्हणून पुढचे दोन महिने हे नुसतं पॉलिश करत बसले. यांना बोलायचा धीर होईना. शेवटी मीच विचारलं, ‘साचा कधी पुरा व्हायचा?’ तर म्हणाले, ‘तुम्ही हो म्हणालात की लगेच.’” मालकीण खळखळून हसली. मावशी बाजूला सरकून भंगारवाल्याला म्हणाल्या, “उचला दादा, पण जपून.”