जागेची साफसफाई

नागपुरातल्या एका कॅन्सर रुग्णालयाचा डेटाबेस इतका अवाढव्य होता की त्याची पूर्ण प्रत काढायला दोन दिवस लागत. म्हणून तिथला डेटाबेस सांभाळणारी माया ती प्रत महिन्यातून एकदाच काढायची आणि त्यानंतरचा प्रत्येक बदल मिनिटामिनिटाला लॉग नावाच्या छोट्या फायलींमध्ये साठत राहायचा. त्या प्रतीवर लॉग चढवले की बिघाडाच्या क्षणापर्यंतचं सगळं परत मिळतं, हे तिनं विभागप्रमुख ढोबळे साहेबांना शंभरदा समजावलं होतं. बॅकअपची जागा संपत आल्याचे तिचे चार अर्ज मात्र त्यांच्या टेबलावर पडून होते.

मंगळवारी भर दुपारी सर्व्हर बसला. कुहीहून चौथ्या केमोला आलेल्या सिंधूताई खुर्चीत ताटकळल्या. आधीचे डोस पाहिल्याशिवाय डॉक्टर सलाईन लावेनात.

"दोन दिवस द्या मावशी, सगळं परत येते," असा धीर देऊन माया बॅकअप उघडायला बसली. लॉग सगळे होते, एका मिनिटाचाही खंड नव्हता. पूर्ण प्रत मात्र कुठेच दिसेना. तिनं ढोबळे साहेबांना बोलावलं.

"सर, इथली मोठी फाईल कुठं गेली?"

"तुमच्याच अर्जाचं काम केलं नं मॅडम," ढोबळे साहेब खुशीत म्हणाले. "लॉगले तर मी हातही नाही लावला."

ते पुढे सांगू लागले,

"एकच जुनी फाईल अर्धी जागा अडवून बसली होती, अन् महिनाभरात तिले कोणी उघडलंही नव्हतं!"