मधलं बटण

“मधलं बटण. तेवढंच सांग, ते जोडलेलं होतं का?” पैलवानाने वायरमनच्या खोलीचं दार मागे लोटत विचारलं.

वायरमन जळका पंखा खोलून बसला होता. त्याने मान वर केली नाही. “मधलं बंद होतं. जा घरी.”

तुरुंगातला सगळ्यात दणकट शिपाई दाराला टेकला आणि हमसाहमशी रडला.

फाशी यार्डाला लागून असलेल्या खोलीत भिंतीवर तीन बटणं होती. साहेबांनी रुमाल खाली टाकला की तीन शिपायांनी ती एकदम दाबायची आणि पलीकडे कैद्याच्या पायाखालची फळी उघडायची. तिन्हींतलं एकच जोडलेलं असतं, कोणतं ते फक्त वायरमनला ठाऊक, असं साहेबांनी सांगितलं होतं. सोय झकास होती. माणूस मरायचा आणि मारणारा कोणीच नसायचा. डावीकडे म्हातारे मामा, मध्ये पैलवान, उजवीकडे साऱ्या जगाच्या चुका काढणारा म्हणून ज्याला गुरुजी म्हणत तो. तिघंही घरी जाऊन पोटभर जेवायचे.

पण मागच्या वर्षी ज्याला लटकवला, तो निर्दोष निघाला. खरा खुनी दुसऱ्याच गुन्ह्यात सापडला आणि पोलिसांपुढे घडाघडा बोलला. ती बातमी आल्यापासून पैलवानाच्या घशाखाली घास उतरेना. बायकोने एकदाच विचारलं, “तुमच्या हातून नाही ना गेला तो?” त्यालाच ठाऊक नव्हतं. तिने पुन्हा विचारलं नाही, पण तान्ह्या लेकीला ती त्याच्या हातात देईना.

त्या दिवशी तो घरी गेला आणि म्हणाला, “माझं बंद होतं.” बायकोने डोळे पुसले आणि पोर त्याच्या मांडीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिघं चहाला जमले. पैलवानाला त्या दोघांची फार कीव आली. बिचारे! दोघांपैकी एकाने मारलाय. त्याने मामांना आपली खुर्ची दिली, गुरुजीपुढे आपली बिस्किटं सरकवली. नवल म्हणजे मामाही त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि गुरुजीने तर जन्मात पहिल्यांदा चहाला नावं ठेवली नाहीत.

“मनाला लावून घेऊ नकोस रे पैलवाना,” मामा म्हणाले. “आपण हुकमाचे ताबेदार.”

“मी कशाला लावून घेऊ? माझं बंद होतं.”

गुरुजीचा कप ओठाशीच थांबला. “चूक. माझं बंद होतं. मी वायरमनला विचारून आलोय.”

मामांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “मीही विचारून आलोय,” ते म्हणाले.

चहा तसाच टाकून तिघं वायरमनच्या खोलीत शिरले. या वेळी त्याने मान वर केली.

“काय सांगणार होतो मी? एकेकटे येऊन रडत होतात. जो आला त्याला बंद म्हणून सांगितलं.”

“मग जोडलेलं कोणाचं होतं?”

“तिन्ही. एकच जोडलेलं असतं, ही थाप तुम्हाला झोप लागावी म्हणून. चुकून कोणाचा हात लागून अपघात व्हायला नको, म्हणून जोडणीच तशी केलीय. तिन्ही एकदम दाबल्याशिवाय फळी हलतच नाही.”

“म्हणजे आमच्यातल्या एकाने जरी दाबलं नसतं...” पैलवान पुटपुटला.

“तर तो उभाच राहिला असता,” वायरमन म्हणाला आणि पुन्हा पंख्याकडे वळला.

फळीवर चढताना तो माणूस ओरडत होता, मी नाही केलं, मी नाही केलं. तिघांनी ऐकलं होतं. सगळे असंच म्हणतात, असं म्हणून मामा हसलेही होते.

सोमवारी सकाळी दुसऱ्या एका कैद्याची पाळी होती. तिघं आपापल्या बटणापुढे उभे राहिले. मधल्या दिवसांत कोणी कोणाशी चकार शब्द काढला नव्हता. काढणार तरी काय? नोकरी तिघांनाही हवी होती, पोरंबाळं तिघांनाही होती. हा खरंच खुनी आहे का, पैलवानाला ठाऊक नव्हतं. मागच्या वेळी मात्र पक्कं ठाऊक होतं.

पलीकडे साखळी घासत पावलं आली आणि फळीवर थांबली. काचेतून साहेबांचा रुमाल पडताना दिसला. पैलवानाने अंगठा बटणावर टेकवला. बायको आज काय विचारेल ते त्याच्या मनात आलं. अंगठा त्याने नुसताच टेकवून ठेवला.

फळी हलली नाही. पलीकडे तो माणूस मोठमोठ्याने श्वास घेत होता, तेवढंच ऐकू येत होतं.

साहेब लालबुंद होऊन खोलीत घुसले. “कोणी दाबलं नाही?”

नोकरी गेली, हे पैलवानाला कळून चुकलं. तो एक पाऊल पुढे झाला.

“मी, साहेब,” तो म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याच्या डावीकडून आणि उजवीकडूनही तेच शब्द आले.